खातं मुलाचं, किल्ली कुणाची?

मंडळी, घरातल्या मौल्यवान वस्तूंची यादी करायला बसलो तर आपण काय काय लिहू? सोनं बँकेच्या लॉकरमध्ये, घराची कागदपत्रं फाईलमध्ये, पासपोर्ट आणि ग्रीन कार्डं कपाटाच्या वरच्या खणात. या यादीत मुलाचं 'रोब्लॉक्स'चं किंवा 'फोर्टनाइट'चं खातं लिहायचं आपल्याला सुचणारही नाही. 'गेमच तर आहे! गेलं तर गेलं, अभ्यास तरी होईल!' अशी आपली पहिली प्रतिक्रिया असते. पण हाच प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला विचारून पाहा. त्याच्या यादीत हे खातं पहिलं असेल.

आणि त्याचं फारसं चुकतही नाही. त्या खात्यात तीन-चार वर्षांचा खेळ असतो. वाढदिवसाला मावशीने दिलेली गिफ्ट कार्डं, दिवाळीला काकांनी दिलेले डॉलर हे सगळं तिथे 'रोबक्स', 'व्ही-बक्स' नाहीतर 'स्किन्स' होऊन साठलेलं असतं. जुन्या गावातून बदली होऊन इथे आलो, तेव्हा मागे राहिलेले मित्र त्याला त्या खात्यातच भेटतात. पुण्यातला मामेभाऊसुद्धा शनिवारी सकाळी तिथेच भेटतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे, बऱ्याच घरांत त्या खात्याला आईचा ई-मेल आणि बाबांचं क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं. म्हणजे ज्याला आपण मुलांची खेळण्याची खोली समजतो, तिचं एक दार आपल्या तिजोरीकडे उघडतं.

असं खातं एक दिवस चोरीला जातं. मुलगा शाळेतून येतो, पासवर्ड टाकतो, तो चालत नाही. ई-मेल पाहावा तर पत्ता बदलल्याची सूचना येऊन दोन तास झालेले. मित्र फोन करून विचारतात, "अरे, तू मला ही कसली लिंक पाठवलीस?" यानंतर घरात जे होतं त्याच्यासाठी हा लेख आहे. चोर आत कसा आला, जबाबदारी कुणाची, पहिल्या तासात काय करायचं आणि पुढे काय बदलायचं, हे क्रमाने पाहू.

चोर आत येतो कसा?

सिनेमात दाखवतात तसा कुणी अंधाऱ्या खोलीत बसून आपल्याच मुलाचा पासवर्ड फोडत नसतो. चोरीच्या वाटा अगदी साध्या आहेत.

पहिली वाट म्हणजे एकच किल्ली सगळ्या कुलुपांना लावणं. २००९ साली 'रॉकयू' नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते साध्या अक्षरांत, जसेच्या तसे साठवलेले होते. त्यात सर्वांत लोकप्रिय पासवर्ड कुठला होता माहीत आहे? १२३४५६! पुढे २०१९ मध्ये 'वर्ड्स विथ फ्रेंड्स' या शब्दखेळाच्या झिंगा कंपनीकडून १७ कोटींहून अधिक खात्यांची माहिती गेली. अशा याद्या चोरांच्या बाजारात फिरत राहतात. त्यातली ई-मेल आणि पासवर्डची जोडी यंत्राच्या साहाय्याने दुसऱ्या शेकडो ठिकाणी लावून पाहतात. आईने शब्दखेळाला ठेवलेला पासवर्ड मुलाच्या खात्यालाही असेल, तर आईच्या खेळातली चोरी मुलाच्या खात्यापर्यंत पोचते. आपला ई-मेल अशा कुठल्या चोरीत सापडला आहे का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या स्थळावर फुकट पाहता येतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ते २०१३ साली सुरू केलं.

दुसरी वाट खोट्या दरवाजाची. 'आमच्या टीमला मत दे' असा मित्राच्या नावाने निरोप येतो. लिंक दाबली की हुबेहूब खऱ्यासारखं लॉगिनचं पान उघडतं. २०२२ साली तर एक नवी युक्ती उघडकीस आली. पानाच्या आत दुसरी खोटी खिडकी काढायची आणि तिच्या वरच्या पट्टीत खरा पत्ताही लिहायचा, म्हणजे पत्ता नीट वाचणारा माणूससुद्धा फसतो. ती खिडकी ओढून ब्राउजरच्या बाहेर नेता येत नाही, एवढीच तिची खूण. 'स्टीम'वर खेळणाऱ्या मुलांना आणखी एक निरोप येतो : "सॉरी, मी चुकून तुझ्याविरुद्ध तक्रार केली. तुझं खातं बंद होणार आहे. या अधिकाऱ्याशी लगेच बोल." तो 'अधिकारी' म्हणजे चोराचाच साथीदार. भारतातल्या वडीलधाऱ्यांना 'बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय' असा फोन येतो ना, त्याचाच हा धाकटा भाऊ! घाई करायची, भीती घालायची आणि विचार करायला वेळ द्यायचा नाही, ही रीत दोन्हीकडे तीच.

तिसरी वाट फुकटाची. 'इथे नाव टाका, दहा हजार रोबक्स मोफत' असली यंत्रं सगळी खोटी असतात. अशी यंत्रं खरी नसतातच, हे रोब्लॉक्सनेही स्पष्ट सांगितलेलं आहे.

चौथी वाट थोडी तांत्रिक आहे. आपण एकदा लॉगिन केलं की संगणकावर 'कुकी' नावाची एक छोटी नोंद राहते. गणपतीच्या कार्यक्रमात दारावर मनगटावर शिक्का मारतात, मग बाहेर जाऊन परत आलं तरी तिकीट विचारत नाहीत, तसाच हा प्रकार. ही नोंद चोराला मिळाली तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि फोनवर येणारा कोडही लागत नाही. "हा मजकूर कॉपी करून मला पाठव, तुझा खेळ मी सुधारून देतो", किंवा "ही छोटी फाईल उतरवून घे, खेळात उडता येईल" अशा गोड बोलण्यामागे डोळा असतो तो या शिक्क्यावर.

पाचवी वाट घरचीच आहे. मित्राने 'दोन दिवस तुझ्या खात्यावरून खेळू दे' म्हटलं आणि आपण पासवर्ड दिला. मित्र चांगला असेलही, पण त्याचा मोठा भाऊ, त्याचा संगणक, त्याचे इतर मित्र यांची हमी कोण देणार?

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. दर वेळी दोष खेळणाऱ्याचाच असतो असं नाही. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या 'प्लेस्टेशन नेटवर्क'वर घाला पडला तेव्हा सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती गेली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. त्यात एकाही मुलाची चूक नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये 'चेक पॉइंट' या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की फोर्टनाइटच्या कंपनीच्या जुन्या, दुर्लक्षित पानांमधल्या त्रुटींमुळे नुसती एक लिंक दाबली तरी खातं दुसऱ्याच्या हाती जाऊ शकत होतं. पासवर्ड टाकायचीही गरज नव्हती. ती त्रुटी नंतर दुरुस्त झाली. तसंच, फसतात ती लहान किंवा भोळी मुलंच, हाही गैरसमज आहे. डिसेंबर २०१५ मध्ये स्टीम चालवणाऱ्या 'व्हॉल्व्ह' कंपनीने जाहीर केलं, की दर महिन्याला सुमारे ७७ हजार खाती चोरांच्या हाती जात आहेत. त्यांत व्यावसायिक खेळाडू आणि वस्तूंची देवघेव करणारे मुरलेले लोकही आहेत, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं.

जबाबदारी कुणाची?

कायद्याच्या भाषेत हे खातं बहुतेक वेळा आपलं नसतंच! आपण न वाचता 'मान्य आहे' म्हणतो त्या करारात साधारणपणे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे खेळ आणि त्यातल्या वस्तू आपण विकत घेत नाही, तर वापरण्याचा परवाना घेतो. दुसरी म्हणजे पासवर्ड गुप्त ठेवण्याची जबाबदारी आपली, आणि त्या खात्यावरून जे होईल त्याला उत्तरदायी आपणच. खात्यातून बाहेर गेलेल्या वस्तू, मग त्या कोणत्याही कारणाने जावोत, परत भरून देणार नाही असं स्टीमचं धोरण आहे. म्हणजे खातं परत मिळतं, पण कपाट रिकामं असतं.

मग कंपन्या मोकळ्याच का? तसंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइटच्या 'एपिक गेम्स'बरोबर ५२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या खासगीपणाचा कायदा मोडल्याबद्दलचा दंड होता, तर २४.५ कोटी नको असलेल्या खरेदीचे पैसे ग्राहकांना परत देण्यासाठी होते. आयोगाच्या तक्रारीतला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. ज्या पालकांनी 'ही खरेदी आम्ही केलेली नाही' असं क्रेडिट कार्ड कंपनीला कळवलं, त्यांची खाती एपिकने बंद केली, असा तो आरोप होता. तडजोडीनंतर एपिकला असं करायला मनाई झाली. परंतु ही मनाई एका कंपनीपुरती आहे. म्हणून आधी खेळाच्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिथे दाद लागली नाही तर बँकेकडे जावं, हा क्रम शहाणपणाचा.

पैशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. या देशात क्रेडिट कार्डाचा कुणी परस्पर वापर केला तर कायद्याने आपली जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर असते. डेबिट कार्डाचे नियम वेगळे आहेत. तिथे कळवायला उशीर झाला तर आपला भार वाढत जातो, शिवाय पैसे खात्यातून आधीच गेलेले असतात. त्यामुळे मुलांच्या खेळाला डेबिट कार्ड कधीही जोडू नये. खरं तर कुठलंच कार्ड न जोडता ठरावीक रकमेचं गिफ्ट कार्ड द्यावं. गेलं तरी तेवढंच जातं.

थोडक्यात, दार मजबूत करणं कंपनीचं काम. किल्ली सांभाळायला शिकवणं आपलं काम. आणि किल्ली कुणाला न देणं मुलाचं काम. तिघांपैकी एकाने ढिलाई केली तरी चोराला पुरते.

पहिला तास

खातं गेल्याचं कळताच बहुतेक जण खेळाच्याच मागे धावतात. खरं तर पहिलं काम ई-मेलचं. ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती 'पासवर्ड विसरलो' हे बटण! म्हणून क्रम असा ठेवावा :

१. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून किंवा फोनवरून आधी ई-मेलचा पासवर्ड बदला. 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरा. म्हणजे तो मनगटावरचा शिक्का पुसला जातो.

२. ई-मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपली पत्रं दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पाठवण्याचा नियम कुणी घालून ठेवला नाही ना, ते पाहा. चोर जाताना अशी खिडकी उघडी ठेवून जातो.

३. मग खेळाच्या खात्याचा पासवर्ड बदला. तो बदलता येत नसेल तर कंपनीच्या अधिकृत मदतकेंद्राकडे तक्रार करा. खातं आपलंच आहे याचा पुरावा तिथे मागतात. सर्वांत पहिला ई-मेल पत्ता, खरेदीच्या पावत्या, गिफ्ट कार्डाचे क्रमांक यांचा तिथे उपयोग होतो. म्हणून या पावत्या टाकू नयेत.

४. कार्ड जोडलेलं असेल तर ते काढा आणि मागच्या महिन्याचा हिशेब तपासा.

५. मित्रांना दुसऱ्या मार्गाने, म्हणजे फोन करून, कळवा. चोर आता आपल्या मुलाच्या नावाने पुढचं घर फोडायला निघालेला असतो. ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही, ती आपली जबाबदारी आहे.

६. संगणकावर नुकतीच उतरवलेली फाईल असेल तर ती काढून टाकून संगणकाची पूर्ण तपासणी करा. नाहीतर नवा पासवर्डही त्याच चोराला मिळेल.

आणि 'शंभर डॉलर द्या, खातं परत मिळवून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला नमस्कार करून निघून या. तो त्याच टोळीतला नाहीतर दुसऱ्या टोळीतला असतो.

रागावण्याआधी

वरच्या सहा गोष्टी तासाभरात करायच्या तर मुलाने पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं. ते तो सांगेल की नाही, हे आपल्या मागच्या वागण्यावर ठरतं. 'तरी मी सांगत होतो!', 'आजपासून गेम बंद!', 'अमक्यांचा मुलगा बघ, स्पेलिंग बीमध्ये गेला!' ही वाक्यं एकदा ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी गप्प बसतो. दोन दिवस आपल्या आपणच निस्तरायचा प्रयत्न करतो, त्यात आईच्या ई-मेलचा कोडही कुणाला तरी देऊन बसतो. लहान चोरीची मोठी होते ती अशी.

शिवाय गप्प बसलेल्या मुलाला धमकावणं सोपं असतं. 'तुझ्या आईबाबांना सांगू का?' ही धमकी चालते कधी? आईबाबांना सांगण्याची भीती असते तेव्हाच. ती भीती आपण काढून घेतली तर चोराच्या हातातलं मोठं हत्यार गेलं. म्हणून घरात एक करार असावा : वाईट बातमी लगेच सांगितली तर शिक्षा नाही. चूक काय झाली ते नंतर, चहा पीत, शांतपणे बोलू. मुलाचं दुःखही खरं असतं. सायकल चोरीला गेली असती तर आपण त्याला जवळ घेतलं असतं. इथेही तेवढं करायला काय हरकत आहे?

घरचे नियम

एका रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून बसावं आणि एवढं उरकून टाकावं.

प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड. ते सगळे लक्षात राहत नाहीत, म्हणून पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम वापरावा. तोही नको असेल तर घरच्या वहीत लिहून कपाटात ठेवावेत. आपल्या कपाटापर्यंत दूर देशातला चोर येत नाही! पासवर्ड लांब असावा. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ सालच्या मार्गदर्शनात लांबीवर भर दिला, आणि उगाच दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नका असंही सांगितलं. आपल्याला मराठीचा फायदा आहेच. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द जोडावेत, उदाहरणार्थ 'खिडकी-कांदा-सायकल-बुधवार'. (हा आता छापून आला, तेव्हा तो सोडून!) 'गणपतीबाप्पामोरया' मात्र नको. तो आपल्या मंडळातल्या प्रत्येक घरात निघेल.

गुप्त प्रश्नांची खरी उत्तरं देऊ नयेत. 'आईचं माहेरचं आडनाव काय?' हा प्रश्न अमेरिकन माणसाला गुप्त वाटत असेल. आपल्याकडे ओळख करून देतानाच 'या माहेरच्या अमुक' असं सांगतात! २००८ साली सॅरा पेलिन यांचं ई-मेल खातं एका २० वर्षांच्या विद्यार्थ्याने असंच उघडलं होतं. जन्मतारीख, पिन कोड, पतीची भेट कुठे झाली, ही सगळी माहिती जाहीरच होती.

दुसरं कुलूप, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोड, जिथे मिळेल तिथे लावावं. याचा इतिहास गमतीचा आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या कंपनीने २००८ मध्ये किल्लीच्या जुडग्याला लावायचं एक छोटं यंत्र साडेसहा डॉलरला विकायला काढलं. पुढे ते वापरणाऱ्याला खेळात दोन डोक्यांचं कुत्र्याचं पिल्लू बक्षीस मिळू लागलं. फोर्टनाइटने २०१८ मध्ये दुसरं कुलूप लावणाऱ्याला एक नाच फुकट दिला. औषधाबरोबर गुळाचा खडा द्यावा तसंच हे! आता बऱ्याच ठिकाणी 'पासकी' ही सोयही मिळते. तिच्यात पासवर्ड टाइप करावाच लागत नाही, त्यामुळे खोट्या पानावर तो देऊन बसण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र एक नियम पाळावा : आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही. कंपनीचा खरा माणूस तो कधीच विचारत नाही.

भारतवारीचा नियम आपल्यासाठी खास. डिसेंबरात मुंबईला उतरल्यावर आपण फोनमधलं कार्ड बदलतो आणि इथल्या नंबरवर येणारा कोड मिळेनासा होतो. म्हणून निघण्यापूर्वी कोड देणारं ॲप फोनवर घ्यावं आणि कंपनी देते ते राखीव कोड कागदावर छापून न्यावेत. याउलट, सुट्टीपुरत्या घेतलेल्या भारतीय नंबरवर मुलाचं खातं कधीही उघडू नये. बंद झालेला नंबर तिथे ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. मग आपल्या खात्याचा कोड कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजेल.

नाण्याची दुसरी बाजू

आपली मुलं फसतील याची आपल्याला काळजी असते. ती फसवतील हे मनातही येत नाही. पण संगणकात हुशार मुलगा, हाताशी भरपूर वेळ आणि 'गेममध्येच तर केलं' ही समजूत, एवढं पुरतं. जुलै २०२० मध्ये ओबामा, बायडन, बिल गेट्स यांची ट्विटर खाती ताब्यात घेऊन लोकांना एक लाखाहून अधिक डॉलरना फसवण्यात आलं. त्या प्रकरणातला मुख्य आरोपी फ्लोरिडातला १७ वर्षांचा मुलगा निघाला. वर्तमानपत्रांनी खणून काढलं, की त्याची सुरुवात 'माइनक्राफ्ट'मध्ये इतर मुलांना छोट्या रकमांना गंडवण्यापासून झाली होती. २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांची कैद झाली.

दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय शिरणं हा अमेरिकेत १९८६ च्या कायद्यापासून संघराज्याचा गुन्हा आहे. समोरची वस्तू 'खोटी' तलवार आहे, की मित्राचा पासवर्ड 'त्यानेच एकदा सांगितला होता', याने फरक पडत नाही. ज्यांच्या घरी अजून व्हिसाची आणि नागरिकत्वाची कामं चालू आहेत, त्यांना या गोष्टीचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. मुलांना हे सांगताना कलमं सांगू नयेत. 'तुझं खातं गेलं तेव्हा तुला कसं वाटलं होतं?' एवढं विचारावं.

चार-सहा वर्षांत याच मुलांच्या नावावर बँकेचं खातं, कॉलेजचं कर्ज, पहिल्या नोकरीचा पगार असणार आहे. किल्ली सांभाळायची सवय तेव्हा अचानक येत नाही. ती आज, दहा डॉलरच्या गिफ्ट कार्डावर लागली तर स्वस्तात पडेल. तेव्हा मंडळी, येत्या रविवारी पोहे झाल्यावर मुलांना बोलवा आणि प्रत्येकाच्या खात्याला कुठला ई-मेल, कुठलं कार्ड, कुठला फोन नंबर जोडलेला आहे ते एका कागदावर लिहून काढा. सुरुवात मात्र मोठ्यांपासून करा. मुलांसमोर स्वतःचा पासवर्ड बदलताना आपलाही १२३४५६ निघाला, तर निदान सगळे मिळून हसतील तरी!